पंच क्रमांक एक

उम्म सलाल मोहम्मद,
मंगळवार, १३ मार्च २००७

प्रिय ॲश्लिन,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू मागितलंस ते एकच पान: अमुक साली डिप्लोमा केला, आज कतारमध्ये सिक्युरिटी ऑफिसर आहे, कोर्सचा पदोपदी उपयोग होतो, खाली सही आणि सोबत युनिफॉर्ममधला नवा फोटो. महिनाअखेर प्रॉस्पेक्टस छापायला जाणार, तोवर नोकरी लागलेल्यांची पाच पत्रं जमली नाहीत तर डायरेक्टर सर तुझं ॲडमिशनचं टेबल काढून टाकणार, हे तू शेवटच्या ओळीत सहज लिहिल्यासारखं लिहिलंस. तुझी सवय मला माहीत आहे. तुला जे खरंच हवं असतं ते तू नेहमी शेवटी आणि हळू आवाजात सांगतेस. म्हणून ते पान लिहायला बसलो, आणि बघ, त्याच्याऐवजी हे काय सुरू झालंय. कागद गेटच्या रजिस्टरचे आहेत. वर ‘गाडी नंबर’ आणि ‘आत आल्याची वेळ’ छापलेलं दिसेल, तिकडे बघू नकोस. दुपारी इथं चिटपाखरू येत नाही, वारा सुटलाय, तोंडात वाळू जातेय. पाकीट नेहमीप्रमाणे घरी निघालेल्या माणसाच्या हाती देणार आहे, त्यामुळे पोस्टासारखं वजन बघत लिहायला नको. हवं तेवढं लांबवतो.

आधी बातमी सांगून टाकतो, नाहीतर मी भरकटेन आणि ती राहून जाईल. मुदस्सिरची नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल, त्याला परत पाठवतायत. आपल्याच इन्स्टिट्यूटचा मुदस्सिर, म्हसळ्याचा, गेल्या वर्षीच्या बॅचचा, ज्याची ॲडमिशन तूच तुझ्या टेबलावर केलीस. इथं येऊन त्याला सहा महिनेही झाले नाहीत. चोरीचा ठपका ठेवून काढलंय त्याला. त्याने चोरी केली नाही, हे मला जितकं माहीत आहे तितकं जगात कुणाला माहीत नाही. कसं झालं ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

आपलं टेक्निकल. तू तर रोज तिथंच बसतेस, तुला काय आठवण करून द्यायची, पण मला इथून ते वेगळं दिसतं. तळमजल्यावर फ्रिज-एसी रिपेरिंग आणि वेल्डिंग, पहिल्या मजल्यावर मोटर वाइंडिंग, आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, आपण: क्रिमिनल जस्टिस अँड इन्व्हेस्टिगेशन, एक वर्षाचा डिप्लोमा. खालून जळक्या लोखंडाचा वास यायचा आणि वर बाजीराव सर कलमं सांगायचे. खालची पोरं आपल्याला ‘सीआयडी’ म्हणून चिडवायची, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं. बारावीला दोनदा बसलो, मग गोव्याला बेकरीत, मग अर्नाळ्याच्या एका बोटीवर, मग कुठंच नाही. असं सगळं करून आलेला मी. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. बाजीराव सर तेवढे खरे पोलीस, रिटायर्ड हेडकॉन्स्टेबल. कायद्याची पुस्तकं त्यांनी नुसती वाचून दाखवली, पण पंचनामा मात्र शिकवला. चाळीस तरी लिहून घेतले असतील. सायकल चोरीला गेली, विहिरीत प्रेत सापडलं, दुकान फोडलं. लिहा. ‘बहुतेक’ हा शब्द दिसला की पान टरकन फाडायचे. म्हणायचे, बहुतेक आत्याला पत्र लिहाल त्यात लिहा, इथं जे दिसलं तेच. आणि पंच दोन, दोघंही त्रयस्थ, दोघांच्या सह्या. केस उभी राहते ती पंचांच्या पायावर आणि पडते तीही तिथंच, कारण पंच फुटतात. जागेवर सही करतात आणि दोन वर्षांनी कोर्टात सांगतात, ही सही माझी नाही. हे सांगताना सरांचा चेहरा कसा व्हायचा आठवतं? घरातलं कुणी गेल्यासारखा.

आणि ठशांचं प्रॅक्टिकल. जोडीदाराच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे, आणि माझ्या वाट्याला तू आलीस. मी तुझं एकेक बोट धरून शाईत टेकवत होतो आणि पहिले दोन ठसे मीच फिसकटवले, तर तू म्हणालीस, अरे आरोपी मी आहे, तू का घाबरतोस. उजव्या अंगठ्याला चक्र, बाकी नऊ बोटांना शंख. सर म्हणाले, शंख-चक्र देवघरात, इथं लूप आणि व्होर्ल म्हणा. तो कागद माझ्याकडे अजून आहे, पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत. पासपोर्ट कंपनीकडे असतो, म्हणून झेरॉक्स. हे बघ, भरकटलो.

डिप्लोमा झाला. तुला एक्क्याऐंशी टक्के, मी काठावर. तू पोलीस भरतीला दोनदा गेलीस, उंची एक सेंटिमीटर कमी. तिसऱ्यांदा केस वर बांधून गेलीस आणि त्या बाईने पट्टी अशी दाबली की दोन पिना डोक्यात रुतल्या, हे तू मला हसत हसत सांगितलंस. मी मैदानावर पळून दाखवलं, पण कागदपत्रांच्या टेबलावरच्या हवालदाराने आपला डिप्लोमा उलटसुलट करून विचारलं, हे कशाचं, वेल्डिंगचं का? लॅबमध्ये बी.एस्सी. लागते, वकिलाकडे एलएल.बी. लागते, बँकेच्या सिक्युरिटीला मिलिटरीतून निवृत्त झालेला माणूस लागतो. मी दोन महिने मिरा रोडच्या एका डिटेक्टिव्ह एजन्सीसाठी लग्न ठरलेल्या मुलांच्या मागे फिरलो. एक मुलगा तिसऱ्या दिवशी वळून म्हणाला, काय विचारायचंय ते मलाच विचार ना, उन्हात कशाला वणवण करतोस. मी खरंच विचारलं. त्याने सगळं सांगितलं, वर वडापाव दिला. आपला डिप्लोमाच पाहिजे अशी जागा मला तरी एकच माहीत आहे, तो डिप्लोमा विकणारं टेबल, आणि ती तुला मिळाली. लागलं असेल तर माफ कर. पण बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी तिथं बसलीय म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. मुदस्सिरने ठेवला.

२००४ ला एजंट कतार म्हणाला आणि मी नकाशातही न बघता निघालो. सिक्युरिटी ऑफिसर म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहिणारा माणूस. आपल्याकडे त्याला वॉचमन म्हणतात. चोरी कलम तीनशे एकोणऐंशी, घरातली चोरी तीनशे ऐंशी, नोकराने मालकाकडे केलेली चोरी तीनशे एक्क्याऐंशी, हे सगळं मी झोपेतही सांगेन, पण इथं त्या आकड्यांना कुणी ओळखत नाही. इथला कायदा अरबीत आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही. तळमजल्यावरचा हॅरी आठवतो? एसीवाला, बाजीराव सरांची हुबेहूब नक्कल करायचा तो. तोही दोह्यात आहे. टूलबॉक्स घेऊन येतो, मी फाटक उघडतो, त्याचं नाव लिहितो, आणि आतून त्याच्यासाठी करक येतो, इथला दाट दुधाचा वेलची घातलेला चहा. जाताना काच खाली करून म्हणतो, काय सीआयडी, काही सुगावा? वाईट नाहीये तो. एकदा अर्धा चहा मला ठेवून गेला.

आता फोटो. तुमच्या जिन्यात लावलाय तो. त्यातला निळा ब्लेझर माझा नव्हता. अल सद्दच्या एका हॉटेलात लग्न होतं, कंपनीने एका दिवसापुरते आम्हा बारा जणांना दारात उभं केलं, ब्लेझर सकाळी वाटले आणि संध्याकाळी मोजून परत घेतले. मधल्या वेळात मी वॉकीटॉकी कानाला लावून एकाकडून फोटो काढून घेतला. वॉकीटॉकीत सेलही नव्हते. आईला बरं वाटावं म्हणून पाठवला. आईने देवळात रविवारची मिस्सा सुटल्यावर सगळ्यांना दाखवला, तुझ्यापर्यंत आला, तू विचारलंस, बोर्डावर लावला तर चालेल ना? मी लिहिलं, चालेल. तेवढं एकच. मग तो तीन फुटांचा झाला आणि खाली आलं, ‘इन्व्हेस्टिगेशन ऑफिसर, कतार’. ते कुणी लिहिलं हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि आताही विचारत नाही.

गेल्या ऑक्टोबरात एशियन गेम्ससाठी कंपनीने भरमसाट माणसं आणली. एका दुपारी आम्ही राहतो त्या कॅम्पच्या दारात बस थांबली, त्यातून एक सडपातळ मुलगा उतरला आणि मला बघून बॅग खाली ठेवून चक्क सावधानमध्ये उभा राहिला. मी मागे वळून बघितलं, कुणी साहेब आलाय का. मग त्याने बॅगेतून प्रॉस्पेक्टस काढलं. माझ्या फोटोच्या पानाला घडी घातलेली. म्हणाला, ब्रेंडनभाई, तुमच्यामुळे आलो. मी बनियनवर, हातात कपड्यांची बादली. त्याने बादलीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, अंडरकव्हर का? आणि हसला. ॲश्लिन, दुसरा कुणी असता तर त्याच बादलीने माझं डोकं फोडलं असतं. या पोराने मला लाजायलासुद्धा वेळ दिला नाही. म्हसळ्याला आई आणि दोन बहिणी, नालासोपाऱ्याला बिलकिस फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहून शिकला. फरहा नावाच्या मुलीशी ठरलंय, तिच्या घरी सांगितलंय, मुलगा ऑफिसर आहे.

गेम्समध्ये आम्ही स्टेडियम आतून बघितलं नाही. पार्किंगमध्ये उभे होतो, लांबून आरोळ्या ऐकू यायच्या, त्यावरून कोण जिंकलं याचा अंदाज बांधायचो. पण तो कंटाळायचा नाही. इन्स्टिट्यूटने दिलेलं ते रेक्झिनचं पाऊच, भिंग, टेप, ब्रश, खडू, तो कायम खिशात बाळगायचा. मी माझं केव्हाच हरवलंय. एका शुक्रवारी आम्ही सूक वाकिफला गेलो होतो. तिथं जुना बाजार नीट करतायत, म्हणजे पाडतात आणि परत बांधतात, पण नवं जुनं दिसावं अशा बेताने. नव्या भिंतीला माती फासतात, लाकडं काळी करतात. मुदस्सिरने भिंग काढून भिंत न्याहाळली आणि जाहीर केलं, भाई, ही भिंत खोटं बोलतेय. बाजूचा ससाण्याचं सामान विकणारा म्हातारा आमच्याकडे बघत राहिला. मग जरा थांबून मुदस्सिर म्हणाला, पण दिसते चांगली. आम्ही खजूर घेतले आणि बसने परत आलो. मला इथं तीन वर्षांत असा दुसरा शुक्रवार मिळाला नाही.

गेम्स संपले, बरेचसे परत गेले. आम्हा दोघांना इथं, उम्म सलालला, बांधकामाच्या सामानाच्या यार्डावर टाकलं. शुक्रवारी यार्ड बंद असतं. तीन तारखेला, शनिवारी सकाळी आम्ही फाटक उघडून आत गेलो तर शेडमधून तांब्याच्या केबलचे सहा ड्रम गायब. शेडचं कुलूप जसंच्या तसं. शहाणा वॉचमन काय करेल? सुपरवायझरला फोन करेल आणि सावलीत जाऊन उभा राहील. मुदस्सिरने आडवा हात घालून मला थांबवलं. म्हणाला, भाई, पुढं नका येऊ, सीन खराब होईल. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला कळेना याला काय झालं. लिहायला बरं वाटत नाही, पण तो आनंद होता. जे त्याला येत होतं ते पहिल्यांदा त्याच्यासमोर येऊन पडलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

त्याने कडी बघितली. स्क्रू चकाकत होते, काढून परत बसवल्याच्या ताज्या खुणा. वाळूत पिकअपच्या चाकांचे ठसे, पुढच्या डाव्या टायरला आडवी चीर, दर फेऱ्याला उमटलेली. टेपने मापं घेतली, आकृती काढली, बाण काढले. तेवढ्यात शफीक पाण्याचा टँकर घेऊन आला. रत्नागिरीचा, सातवीपर्यंत शाळा. त्याला दुसरा पंच केला. पंच क्रमांक एक मी. ‘आम्ही खाली सही करणारे पंच, बोलावल्यावरून हजर राहून लिहून देतो की’ इथपासून चार पानं, आणि सगळी मराठीत, कारण पंचनामा आम्हाला दुसऱ्या भाषेत येतच नाही. एकही ‘बहुतेक’ नाही. शफीकने सगळं वाचून मग सही केली, म्हणाला, वा रे पोरा, तलाठ्यापेक्षा बरं लिहिलंस. गाडी कुणाची ते मुदस्सिरने लिहिलं नाही, कारण गाडी दिसली नव्हती, चीर दिसली होती. पण ती चीर कुणाच्या टायरची हे आम्हाला माहीत होतं. आमचा सुपरवायझर प्रताप, नागपूरकडचा, त्याच्या पिकअपची. आठवड्यापूर्वी मीच त्याला म्हणालो होतो, साहेब, टायर बदला, फुटेल.

प्रतापला वगळून मुदस्सिर कागद घेऊन थेट मुदीरकडे गेला, म्हणजे मोठ्या मॅनेजरकडे. मुदीरने चारही पानं नीट बघितली. अक्षर सुंदर, आकृती, सह्या. त्यालाही काहीतरी भारी वाटलं असावं. मग त्याने विचारलं, ही कुठली भाषा? आणि कंपनीत मराठी वाचणारा वरचा माणूस एकच. मुदीरने प्रतापला बोलावून कागद त्याच्या हातात दिले. वाच आणि इंग्रजीत सांग.

तुला हसू आलं का? मलाही आलं होतं, क्षणभरच. दोन डिप्लोमा होल्डरांनी मिळून ज्याच्यावर संशय त्याच्याविरुद्ध पंचनामा लिहिला होता, आणि तोही फक्त त्यालाच वाचता येईल असा. चाळीस पंचनामे लिहून घेताना बाजीराव सरांना कधी हे सुचलं नसेल, कारण त्यांच्या ठाण्यात सगळेच मराठी. प्रतापने शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं. घाई केली नाही. मग सांगितलं, सर, हा मुलगा लिहून देतोय की कडीचे स्क्रू त्याने काढले आणि परत लावले, केबलचं माप घेतलं, गाडी कुठून काढायची ते आखलं, हा बघा नकाशा. मुदस्सिरला तेव्हा बाहेर बसवलं होतं. शफीकला आत बोलावलं. तो हिंदीत म्हणाला, साब, सही मेरी है, और ऐसा कुछ लिखा नहीं है. पण तो टँकरवाला, कंपनीचाही नाही. मुदीरने हात हलवून त्याला बाहेर काढलं. मग मला विचारलं. त्याचं पुढं सांगतो.

पोलिसात दिलं नाही. दिलं असतं तर तिथं निदान कुणीतरी जाऊन तो स्क्रू बघितला असता. मुदीर म्हणाला, गरीब मुलगा आहे, सही करून घरी जाऊ दे, खलास. कसल्या कागदावर सही घेतली ते मुदस्सिरला कळलं नाही, तो अरबीत होता. त्याच दिवशी दुपारी वाऱ्याने चाकांचे ठसे बुजवले, आणि दोन दिवसांनी प्रतापच्या पिकअपला नवीन टायर आला. माझा सल्ला त्याने मानला म्हणायचं.

तेव्हापासून दहा दिवस मुदस्सिर खोलीत खालच्या बंकवर आहे. वर मी. सगळ्यांसाठी भात लावतो, आमचे युनिफॉर्म धुतो, म्हणतो, मला आता काय काम आहे. फरहाच्या घरी काय सांगणार विचारलं तर म्हणाला, सांगेन अंडरकव्हर होतो, केस संपली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. परवा त्याने ते पाऊच माझ्या हातात दिलं, भिंग, टेप, सगळं. म्हणाला, तुमच्याकडे असू दे, तुमच्या तर कामाचं आहे. आणि म्हणाला, भाई, तुम्ही आणि शफीकचाचांनी खरं सांगितलंत, आणखी कुणी काय करणार. माझ्या पंचनाम्यावर दोन सह्या आहेत आणि दोन्ही पंच टिकले, हे मी जाऊन बाजीराव सरांना सांगणार आहे.

शुक्रवारी मिस्सेला गेलो होतो. इथलं देऊळ अजून बांधून व्हायचंय, सगळे एका आवारात जमतात. उपवासकाळ आहे, पापनिवेदनाची रांग लांब होती. मी रांगेत उभा राहिलो. फादर इंग्रजी बोलणारे. मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि ‘पंच’ला काय म्हणतात ते मला येईना. आपल्या वसईच्या फादरांपुढे मी तीन वाक्यांत मोकळा झालो असतो. माझ्यापुढे दोन माणसं उरली तेव्हा मी रांगेतून बाहेर पडलो आणि चालत सुटलो, कुठं ते न बघता, नेहमीसारखा. मग टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं, रस्त्याच्या मधोमध होतो.

तर तुला सांगतो. मुदीरने शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलं, ही तुझी सही आहे? प्रताप माझ्याकडे बघतही नव्हता, टेबलावरच्या स्टेपलरशी चाळा करत होता. एप्रिलमध्ये माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय आणि तो कागद त्याच्याकडे आहे, पण तो काही बोलला नाही. कुणी धमकी दिली असती तर बरं झालं असतं. मला त्या वेळी काय दिसलं सांगू? तुमचा जिना. हो म्हटलं तर मलाही पाठवतील, आणि मग कधीतरी त्या जिन्याने वर यावं लागेल, माझ्याच तीन फुटी तोंडासमोरून, आणि वर टेबलावर तू. मी म्हणालो, नो सर, ही सही माझी नाही. एसी चालू होता. बाहेर शफीक टँकरचं पाणी सोडत होता, त्याचा आवाज येत होता. दोन पंचांमधला सातवी शिकलेला टिकला, आणि डिप्लोमावाला फुटला. मुदस्सिरला यातलं काही माहीत नाही.

हे पाकीट ज्याने आणून तुझ्या टेबलावर ठेवलं तो मुदस्सिरच आहे, ॲश्लिन. गुरुवारच्या विमानाने येतोय, म्हणाला सगळ्यात आधी इन्स्टिट्यूटला जाणार. तू हे वाचत असताना तो बहुतेक समोरच्या खुर्चीत बसलेला असेल. पत्र आहे, इथं बहुतेक चालतं. पाकिटात आणखी दोन कागद आहेत. एक तू मागितलेलं पान. लिहिलंय मी ते, कोर्सचा पदोपदी उपयोग होतो असंच लिहिलंय, तुझं टेबल राहावं म्हणून, आणि ते वाचून जूनमध्ये आणखी कुणीतरी जिना चढेल हे माहीत असून. नवा फोटो नाही, जुनाच वापर. दुसरा अर्धा कागद आहे, त्यावर एकच वाक्य: पंचनाम्यावरची पहिली सही माझीच आहे. आता कुठल्याच ऑफिसात त्याचा उपयोग नाही. दोन्हींवरच्या सह्या शेजारी ठेवून ताडून बघ, सरांनी शिकवलं होतं तसं. हुबेहूब सारख्या निघतील. मुदस्सिरला आधी चहा दे, मग तो अर्धा कागद वाचून दाखव. दहा दिवस तो माझ्या खाली दोन हातांवर झोपत होता आणि मला ते जमलं नाही. हातोहात पाठवायचं पाकीट आपल्याकडे चिकटवत नाहीत, नेणाऱ्यावर अविश्वास दिसतो म्हणून. मीही चिकटवलेलं नाही. विमानात, फुफीच्या घरी, कुठंही तो उघडून वाचू शकला असता आणि माझं काम परस्पर झालं असतं. पण तो दुसऱ्याचं पत्र वाचणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच उघडं ठेवलं.

तुझाच, म्हणजे अजून तसं म्हणायची सोय असेल तर,
ब्रेंडन
पंच क्रमांक एक